डोळ्यांत काहीही झोंबल्यास

बोरिक पावडरीला कोणी चांगलं म्हटलं की मास्तर चिडायचे, आणि वाईट म्हटलं की त्याहून जास्त चिडायचे. बोरिकची खरी लायकी या जगात एकाच माणसाला कळली आहे आणि तो माणूस काउंटरच्या आतल्या बाजूला उभा आहे, असं त्यांचं स्वतःचं मत होतं. तसे ते मास्तर वगैरे कोणी नव्हते. वडिलांपासून चालत आलेलं औषधाचं दुकान होतं. तरुणपणी औषधशास्त्राच्या वर्गात संध्याकाळचे तास घेत, तेवढ्यावर मास्तर हे नाव चिकटलं. पुढे तास सुटले तरी शिकवणं काही सुटेना, तेव्हा लोकांनी नावाला पुढून बोरिक जोडलं. तोंडावर कोणी म्हणत नसे, पण दुकानाचा पत्ता विचारायचा तर बोरिकमास्तर म्हणूनच विचारावा लागे.

दुकानात कोणी लाल डोळे घेऊन आलं की झालंच. डोळे आलेत, एवढं त्या माणसानं म्हणायचा अवकाश. आपल्या भाषेचीही कमाल आहे, डोळे येतात तेव्हाही दुखणंच आणि जातात तेव्हाही. मास्तर घरी केलेल्या पाण्याची बाटली काउंटरवर ठेवत आणि तिच्यावर पंजा ठेवून भाषण सुरू करत. भाषण संपेपर्यंत पंजा निघत नसे.

"हे औषध जंतूंना मारत नाही. नीट ऐका. वाढू देत नाही, एवढंच. आगंतुक पाहुण्याला हे घराबाहेर काढत नाही, फक्त पान मांडत नाही. कंटाळून तो आपण होऊन जातो. बाकीचं काम तुमचा डोळा करतो. शंभर भाग पाण्यात दोन भाग बोरिक, म्हणजे दाटपणाला आपल्या आसवांच्या जवळपास, म्हणून डोळ्याला ते परकं वाटत नाही. जखम नसलेल्या कातडीतून आत शिरत नाही. पण जखमेवर फासाल तर रक्तात जाईल, आणि रक्तातून बाहेर पडायला त्याला वेळ लागतो. पुन्हापुन्हा फासाल तर अंगात साठेल. पूर्वी लोक तान्ह्या बाळांच्या सोललेल्या अंगावर ही भुकटी बिनदिक्कत मारायचे आणि बाळं दगावायची. तेव्हा पोटात नाही, जखमेवर नाही, तान्ह्याला नाही. कळलं?"

"कळलं."

"काय कळलं?"

गिऱ्हाइकाला सगळं परत म्हणून दाखवावं लागे. मग पंजा उठे. उठता उठता मास्तर शेवटचं वाक्य टाकत, "एका शब्दात सांगायचं, तर सौम्य." हा शब्द ते मायेनं उच्चारत. दिसायला गरीब शब्द आहे. या घराचं वाटोळं त्यानंच केलं.

दुकानाच्या मागच्या दोन खोल्यांत मास्तरांचा संसार होता. मास्तर बायकोला 'अगं' म्हणत आणि ती त्यांना 'अहो'. दोघांची नावं कागदोपत्री असतील, घरात त्यांची कधी गरज पडली नाही. बाकी सगळे तिला काकू म्हणत. काकू रफू करायच्या. कोटाला सिगारेटनं भोक पडलेलं असो की उंदरानं शालीचा कोपरा खाल्लेला असो, काकू त्याच कापडाचा धागा काढून असा भरायच्या की गिऱ्हाईक स्वतःच शोधत बसे, भोक होतं कुठे. मग त्या गालात हसायच्या. शिवण दिसली तर ते रफू कसलं, असं त्यांचं म्हणणं असे.

असल्या कामात डोळे शिणणारच. शिणले की मास्तर आपलं पाणी द्यायचे. निळ्या काचेची एक इवलीशी वाटी असते, डोळ्याच्या खोबणीत बरोबर बसणारी. तीत पाणी घ्यायचं, डोळ्याला लावून मान मागे टाकायची आणि पापण्यांची उघडझाप करायची. काकूंना ते फार आवडे. "कसं गार वाटतं," म्हणायच्या. "तुमच्या हाताला गुण आहे हो." मास्तर म्हणत, हाताचा नाही, बोरिकचा. पण ऐकून मनातून सुखावत, आणि पुढच्या खेपेला तिच्यासाठी पाणी आणखी जपून गाळत.

अशी किती वर्षं गार वाटण्यात गेली कोण जाणे. मधूनमधून काकू डाव्या अंगाला दाराच्या चौकटीला धडकायच्या आणि स्वतःलाच वेंधळी म्हणून हसायच्या. मास्तरही हसायचे. मग एकदा न्हाताना उजव्या डोळ्यात साबण गेला, तो त्यांनी हातानं झाकला, आणि डावा उघडा असून समोर काहीच नव्हतं. न भिंत, न नळ.

डोळ्यांची डॉक्टर वयानं तरुण होती, पण बोलायला सरळ. काचबिंदू आहे म्हणाली. आत प्रेशर वाढतं, डोळ्याची नस दाबून मारतं, दुखत खुपत काही नाही, म्हणून कळत नाही. डावा गेला. उजव्याचाही कडेचा भाग गेला आहे, मधलं तेवढं शिल्लक आहे.

"नळीतून बघितल्यासारखं दिसत असेल ना तुम्हाला?"

"मला वाटलं सगळ्यांना तसंच दिसतं या वयात," काकू म्हणाल्या.

"गेलेली नस परत येत नाही. कोणत्याच औषधानं नाही. पण हे थेंब आहेत. यांनी प्रेशर खाली राहिलं, तर आहे तेवढा नजरेचा तुकडा जन्मभर पुरेल. नाही राहिलं तर मात्र तोही हातचा जाईल."

काकूंनी एकच प्रश्न विचारला. "सुई ओवता येईल?"

"तो तुकडा जपलात तर येईल."

मग डॉक्टरनं नेहमीप्रमाणे विचारलं, घरी डोळ्यांत आणखी काही घालता का? काकूंनी कौतुकानं नवऱ्याकडे बोट केलं. "यांचं पाणी असतं. बोरिकचं." डॉक्टर लिहिता लिहिता हसली. "असू द्या. सौम्य असतं ते. त्यानं काही बिघडत नाही."

मास्तरांना हे लागलं. वास्तविक त्यांचंच वाक्य होतं, जन्मभर काउंटरवर घोकलेलं. पण दुसऱ्याच्या तोंडून ते ऐकताना आपण आयुष्यभर काहीच केलं नाही असं त्यांना वाटलं. इतकी वर्षं घरात औषध आहे म्हणून आपण निर्धास्त राहिलो, आणि बायकोचा एक डोळा आपल्या देखत, आपल्याच वाटीखाली मेला, हे तर त्याहून मोठं.

याच घुश्श्यात त्यांनी दुकानातून थेंबांची कुपी काढून दिली आणि म्हणाले, "सकाळ-संध्याकाळ एकेक. उजव्यात." बस. दुसऱ्या कोणाला ही कुपी दिली असती तर बोटानं करून दाखवलं असतं. थेंब घातला की डोळा मिटा, नाकाजवळचा कोपरा दाबून धरा, थोडा वेळ डोळ्यात पाण्याचा टिपूसही जाऊ देऊ नका, नाहीतर औषध गालावर आणि पैसे पाण्यात. मग परत म्हणून घेतलं असतं. पण ही बायको होती. उभा जन्म पलीकडच्या खोलीत बसून तिनं मास्तरांची सगळी भाषणं ऐकली होती. तिला काय सांगायचं?

आणि काकूंनी त्यातलं एकही ऐकलं नव्हतं. भिंतीवरचं घड्याळ आपण ऐकतो का? मास्तरांचा आवाज पलीकडे चालू असला की काकूंचा हात धाग्यावर शांत चाले, तेवढाच त्यांचा आणि औषधशास्त्राचा संबंध.

काकूंनी औषधाच्या बाबतीत जन्मात एकच गोष्ट वाचली होती, ती म्हणजे पाण्याच्या बाटलीवरचं लेबल. मास्तरांनी ते स्वतः लिहून छापून घेतलं होतं. छापखान्यात जाण्याआधी दहा वेळा वाचून दाखवलं होतं, ते मात्र काकूंनी कान देऊन ऐकलं, कारण प्रत्येक शब्दाला मास्तर त्यांचं मत विचारत होते. पहिल्या मसुद्यात 'धूळ अथवा धूर गेल्यास' असं होतं. काकू म्हणाल्या, आणि फोडणीचं तेल उडालं तर? साबण गेला तर? कशाकशाची नावं घालणार? तेव्हा मास्तरांनी सगळं खोडून लिहिलं, 'डोळ्यांत काहीही झोंबल्यास ताबडतोब या पाण्याने धुवावे.' काहीही. या एका शब्दावर दोघं खूश होती. शब्द काकूंचा, अक्षर मास्तरांचं.

थेंब झोंबायचे. या थेंबांचं तसंच असतं, डोळा जरा लाल करतात, जळजळतात आणि आपलं काम करत राहतात.

सकाळी चहा झाला की मास्तर स्वतः समोर उभे राहत. काकू मान मागे टाकत, थेंब डोळ्यात पडलेला मास्तर बघत, आणि मग किल्ल्या घेऊन शटर उघडायला जात. संध्याकाळी गर्दीची वेळ असे, तेव्हा थेंब घालून तसेच काउंटरवर परतत. डोळ्यांत तेल घालून सांभाळणं म्हणतात ते आणखी काय असतं? एक थेंब चुकू दिला नाही त्यांनी.

आणि प्रेशर उतरेना. डॉक्टरकडे पुन्हा गेले, तिनं आकडा बघून भुवई वर केली. थेंब घालता ना? घालतो की, मी स्वतः उभा असतो, मास्तर म्हणाले. तिनं औषध बदललं. हे जरा जहाल होतं. तरीही उतरेना. मग दोन औषधं एकापाठोपाठ. ती आणखी झोंबत. "काही लोकांना लागू पडत नाहीत," डॉक्टर म्हणाली, पण तिचंही त्यावर समाधान झालेलं दिसलं नाही. ऑपरेशनचं तिनं बोलून पाहिलं. एवढा लहान तुकडा उरला असताना तो ऑपरेशनातच जायची भीती आहे, हेही तिनंच सांगितलं. थोडं थांबून बघू, असं ठरलं.

काकूंची रोजची एक परीक्षा असे. सकाळी खिडकीशी बसून सुई ओवायची. ओवली गेली की दिवस चांगला. आधी पहिल्या झटक्यात जायची, मग दोनचार वेळा दोरा कडेनं निसटायला लागला. मग काकू दोरा तोंडात ओला करून करून चोथा करायच्या. मास्तर काही न बोलता सुया ओवून उशीवर रांगेनं टोचून ठेवायला लागले. लांब दोऱ्यांच्या, रंगवार.

त्यातल्या त्यात एक सुखाची गोष्ट होती, ती म्हणजे काकूंना मास्तरांचं पाणी पूर्वीपेक्षा जास्त लागत होतं. बाटली बघता बघता रिकामी व्हायची. डॉक्टरच्या त्या हसण्यानंतर मास्तरांना हे बघून बरं वाटे. उकळत्या पाण्यात बोरिकचे चंदेरी पापुद्रे सोडताना, नरसाळ्यात गाळणकागद बसवताना त्यांना वाटे, एवढं तरी आपण देतोय. गुण नसेल, पण गारवा तर आहे. एकदा काकू म्हणाल्या, बाटली फार लहान पडते हो. मास्तरांनी लगेच मोठ्या बाटल्या मागवल्या, तिच्यासाठीही आणि दुकानासाठीही. लेबलही जरा मोठं छापून घेतलं, तिला वाचता यावं म्हणून.

एके दिवशी सकाळी मास्तर थेंब घालून दुकानाकडे निघाले आणि किल्ल्या विसरल्या म्हणून उंबऱ्यावरून मागे फिरले.

काकू मोरीशी उभ्या होत्या. मान मागे टाकलेली, उजव्या डोळ्याला निळी वाटी. मास्तरांनी शिकवलं होतं तसंच सगळं, कड हाडावर दाबून धरलेली, पापण्यांची उघडझाप, आणि तोंडानं कसलंतरी गाणं. पाणी गालावरून हनुवटीवर आणि हनुवटीवरून मोरीत गळत होतं.

"अगं, हे काय करतेस?"

"धुतेय. मेलं फार झोंबतं ते."

"आज का?"

"आज का म्हणजे? रोजच. दोन्ही वेळा." काकूंनी वाटी काढून डोळा टिपला. "तुम्हीच नाही का लिहिलंय, काहीही झोंबल्यास ताबडतोब. मी एकदासुद्धा विसरले नाही हो. तुम्ही पाठ फिरवली की पहिलं हेच करते."

मास्तर मागे सरले. ते पलंगावर बसले. त्यांच्या डोक्यात सगळा हिशोब आपोआप लागत गेला, पहिली कुपी, दुसरी कुपी, दोन औषधं, दर वेळी वर गेलेली डॉक्टरची भुवई. एक थेंबही डोळ्यात ठरला नव्हता. जे औषध तिचा तुकडा वाचवणार होतं, ते रोज सकाळ-संध्याकाळ त्यांच्याच पाण्यानं मोरीत गेलं होतं, आणि तेही मोठ्या बाटलीतून.

"चक्कर आली का?" काकू जवळ आल्या, चाचपडत त्यांच्या कपाळावर ओला हात ठेवला. "चेहरा कसा झालाय बघू." आणि चेहरा बघण्यासाठी त्यांनी मान वाकडी केली, त्या उरलेल्या फटीत नवऱ्याचा चेहरा बसावा म्हणून.

तिथे खरं सांगणं त्या माणसाला जमलं नाही. त्यावर कोणी त्यांना काहीही म्हणो. ते म्हणाले, "ही थेंबांची नवी बाटली आलीय ना, तिला धुणं चालत नाही. डॉक्टर म्हणाल्यात. आजपासून धुवायचं नाही. कितीही झोंबलं तरी."

"बरं," काकू म्हणाल्या. त्यांना थोडं वाईट वाटलं, पण पथ्य म्हणजे पथ्य.

पुढच्या खेपेला डॉक्टरनं प्रेशर मोजलं आणि ती खुर्चीतून उठलीच. "उतरलं! अहो, एकदम छान उतरलं. बघा, कसं लागू पडलं." मग तिनं दिवा लावून आत पाहिलं. बराच वेळ पाहत राहिली. यंत्रासमोर बसवून, ठिपका दिसला की बटण दाबा, असं काकूंना सांगितलं. काकू बटण दाबायच्या थांबल्या होत्या. ठिपके चालूच होते.

"हेच आधी झालं असतं, तर..." डॉक्टर म्हणाली. मास्तर खाली बघत होते. काकू म्हणाल्या, "मी एकही थेंब चुकवला नाही बाई." डॉक्टरनं त्यांचा हात हातात घेतला. "माहीत आहे मला, काकू."

थोड्याच दिवसांनी एका सकाळी टेबलावर चांगलं ऊन पडलं असताना काकू म्हणाल्या, "अहो, दिवा लावा ना." मास्तर उठले, त्यांनी दिव्याचं बटण दाबलं आणि परत येऊन बसले. काकूंनी बटणाचा आवाज ऐकला. थोडा वेळ वाट पाहिली. मग त्यांना कळलं, आणि त्यांनी टेबलावरची सुयांची उशी हातानं शोधून छातीशी धरली.

काकूंनी रडायचं ते रडून घेतलं आणि मग स्वतःपुरता अर्थ लावला. माणसाला अर्थ लागतो, त्याशिवाय घास उतरत नाही. धूत होते तोवर थोडं का होईना दिसत होतं. धुणं बंद केलं आणि नजर गेली. त्या जळजळीत औषधांनी डोळा भाजून काढला. "तुमचं पाणी चालू ठेवलं असतं ना, तर आज हे दिवस आले नसते," त्या म्हणायच्या. "तुमच्या हाताला गुण आहे. त्या डॉक्टरणीचं ऐकलं, तिथेच फसले."

मास्तर ऐकून घेत. डॉक्टरवर नाहक आळ येतोय, हे त्यांना कळत होतं. पण खरं सांगावं तर हिच्याकडे उरलेलं एवढंसं समाधानही जाणार. आपल्या हातून आपले डोळे गेले, हे घेऊन आंधळ्या माणसानं कुठे बसायचं? आणि याच्याआड आणखी एक कारण होतं, ते मास्तर स्वतःलाही पुरतं सांगत नसत. गप्प राहिलं की तिच्या तोंडी अजून 'हाताला गुण' येत होतं. रात्रंदिवस शरमेनं मेल्यासारखं व्हायचं, आणि तरी ते शब्द कानाला हवे असायचे.

रफू सुटलं. रिकाम्या खोलीत काकूंना बसवेना, म्हणून मास्तरांनी काउंटरच्या टोकाला त्यांच्यासाठी खुर्ची टाकली. काकू आवाजावरून माणसं ओळखायला लागल्या, विचारपूस करायला लागल्या. मास्तर मागे पाणी करत असले तर काकू पुढे बसून गिऱ्हाइकाला धरून ठेवत. लोकही त्यांच्याशी दोन शब्द जास्तच बोलत. घरात पुन्हा माणसाचा आवाज आला, म्हणून मास्तरांना जरा हायसं वाटलं होतं.

त्या दुपारी मास्तर मागे नरसाळ्यात पाणी ओतत होते. पुढे कोणीतरी आलं. आवाज ओळखीचा, पलीकडच्या गल्लीतला सुतार.

"काकू, मोठी बाटली द्यायला सांगा मास्तरांना. संपली."

"एवढ्यात?"

"तुम्हीच सांगितलंत ना तसं करतोय. थेंब घातला, झोंबलं, की लगेच धुतो. एकदम आराम आहे."

मास्तरांच्या हातातलं भांडं तसंच कलतं राहिलं. नरसाळं भरून पाणी टेबलावर आलं, तिथून पायावर. ते तसेच पुढे आले.

"कसले थेंब?"

"ते काचबिंदूचे," सुतार म्हणाला. "सुरुवात आहे म्हणाले डॉक्टर."

मास्तरांच्या मनात पहिलं काय आलं, तर याला बाहेर न्यावा. खांद्यावर हात टाकून रस्त्यावर न्यावा, हळूच सांगावं, हा वाचेल आणि हिलाही कळणार नाही. त्यांनी काउंटरची फळी उचललीसुद्धा. पण काकू आनंदानं बोलत होत्या.

"याला एकट्यालाच नाही हो, सगळ्यांना सांगते मी. थेंब न्यायला आलेला एक माणूस सोडत नाही. म्हटलं माझं झालं ते झालं, दुसऱ्याचे तरी डोळे वाचू देत."

मास्तरांनी फळी खाली सोडली. एकट्या सुताराला बाहेर नेऊन आता भागणार नव्हतं, सांगायचं ते इथेच, आणि तिच्यासमोर.

"धुवायचं नाही," ते म्हणाले. आवाज भाषणाचाच होता, दुसरा त्यांच्याकडे नव्हता. "नीट ऐका. थेंब घातला की डोळा मिटायचा. नाकाजवळचा कोपरा दाबून धरायचा. वर पाणी नाही, काही नाही. धुतलं तर औषध वाहून जातं. प्रेशर उतरत नाही. आणि डोळा जातो. कळलं?"

"कळलं," सुतार म्हणाला.

काय कळलं, हे मास्तरांनी विचारलं नाही. सुतारानं काकूंकडे पाहिलं, मग मास्तरांकडे. जी घ्यायला आला होता ती बाटली न घेताच तो दार ओढून निघून गेला.

काकूंचे हात मांडीवर होते.

"त्या दिवशी तुम्ही किल्ल्या विसरला होतात," त्या म्हणाल्या.

"हो."

"तेव्हा कळलं तुम्हाला."

"हो."

"आणि म्हणालात, नव्या बाटलीला चालत नाही."

मास्तर ओल्या पायांनी त्यांच्या खुर्चीजवळ आले.

"मला वाईट वाटेल म्हणून?"

"हो," मास्तर म्हणाले. मग त्यांना तेवढ्यावर थांबवेना. "आणि भीती वाटली. लेबल माझं होतं."

"शब्द माझा होता," काकू म्हणाल्या.

त्या ओरडल्या नाहीत, रडल्याही नाहीत. ते झालं असतं तर मास्तरांनी सोसलं असतं. त्या मान किंचित कलती करून कशाचातरी कानोसा घेत बसल्या आणि हळूहळू बोटांवर आठवायला लागल्या.

"एक बाई होत्या. बोलताना दम लागायचा त्यांना. एक म्हातारे, काठी टेकत येतात. एक जण सारखा घसा साफ करायचा. आणि ती, जिच्या कडेवर मूल रडत होतं, ती म्हणाली माझ्या सासूबाईंना सांगते. अहो, कोण होती ही माणसं?"

"मी मागे होतो," मास्तर म्हणाले. "मला नाही माहीत. नावं?"

"नावं कशाला विचारीन मी? आणि चेहरे तर..."

मास्तरांनी स्टूल ओढलं आणि त्यांच्या शेजारी बसले. समोर फळीवर निळ्या वाट्या आणि भरलेल्या बाटल्या ओळीनं उभ्या होत्या, प्रत्येकीवर ठळक अक्षरांत तेच वाक्य. दार वाजलं की काकू चटकन तिकडे तोंड करत, आवाज येईपर्यंत श्वास रोखून धरत, आणि मग मान हलवत. ही नाही. हाही नाही.

"येतील," मास्तर म्हणाले. "बाटली संपली की येतील. तेव्हा सांगू."

"बाटली मोठी आहे हो," काकू म्हणाल्या.